लिफ्ट केल्यावर पाटेवाल्या फोर बाय फोरचं चाक हवेत राहतं – फ्लेक्स (चाकांची वरखाली हालचाल) कसा वाढवायचा?

चिखलखेळ्या
मंडळी, माझी गाडी लांब चासीची सुझुकी एसजे, व्हीलबेस 2375 मिमी. पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग), ॲक्सलच्या खालून बांधलेले, म्हणजे कंपनीतून येतात तसेच. त्यावर 3 इंच लिफ्टचे जास्त कमानीचे पाटे घातले, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) थोडी लांब केली, टायर एक साइज मोठे. पोट आता दगडाला लागत नाही, तेवढं काम झालं.

पण आडव्यातिडव्या चरांतून जाताना पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक सरळ हवेत जातं. डिफ (डिफरन्शियल) उघडा, लॉकर नाही, त्यामुळे हवेतलं चाकच फिरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. लिफ्टच्या आधी हीच गाडी असल्या चरांतून मुकाट्याने जायची.

आता प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं दोन पाटे काढून टाक, कुणी म्हणतं पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा तोड, कुणी म्हणतं पाटे ॲक्सलच्या वर घे, कुणी म्हणतं पाटेच टाक आणि कॉइल बसव. मला पाट्यांवरच राहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

दगडधोंडा
शॉकअप लिफ्टबरोबर बदलले की जुनेच आहेत?

चिखलखेळ्या
पुढचे जुनेच. मागचे किटबरोबर आलेले, थोडे लांब.

दगडधोंडा
मग पुढच्या चाकांचं उत्तर मिळालंच तुम्हाला. गाडी 3 इंच वर गेली, शॉकअपची पूर्ण उघडी लांबी तेवढीच राहिली, म्हणजे चाक खाली उतरायची जागा बरोबर 3 इंचांनी कमी झाली. पाटा कितीही मऊ असला तरी शॉकअप दोरीसारखा ताणून धरणार. आणि दर खड्ड्यात तो आतून ठोकला जातोय, त्यामुळे लवकरच आय (टोकाची कडी) तुटेल नाहीतर सील जाईल.

लोअर_गिअर
दगडधोंडांशी सहमत. पण एवढ्यावर थांबू नका. काहीही विकत घेण्याआधी चाकाला नक्की कोण अडवतंय ते बघून घ्या. चारही शॉकअप खालून सोडा, अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) असेल तर त्याची लिंक सोडा. मग एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून ते चढवत न्या आणि दुसरं कुणी बाजूला बसून बघत राहू दे. कुठेतरी काहीतरी आधी टेकेल किंवा ताणलं जाईल. ते शोधायचं. ते सोडवलं की पुढचं काहीतरी अडवेल. हाच क्रम.

चासीखाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका. शॉकअप सोडलेली गाडी जॅकवरून फार पटकन घसरते.

घसरगुंडी
मी एकदम विरोधी बाजूचा. फ्लेक्स फोटोत छान दिसतो, बाकी त्याचा एवढा बाऊ करू नये. मागे लॉकर (डिफ बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) टाका आणि टायरची हवा कमी करा. 30 पीएसआयवर डांबरी रस्त्यावर चालवता ना, कच्च्यात 16-18 वर या. टायर पसरतो, दगडाला धरतो. लॉकर असेल तर एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ढकलतंच. दोन चाकं हवेत घेऊन निवांत चढणाऱ्या गाड्या मी भरपूर पाहिल्यात.

तिरकी_वाट
हवा कमी करण्याला अनुमोदन, तो फुकटचा आणि सगळ्यात मोठा फायदा आहे. पण लॉकर चाक हवेत असताना ढकलतो, गाडी सरळ ठेवत नाही. बाजूच्या उतारावर चाक हवेत गेलं की गाडीचं सगळं वजन एका कोपऱ्याकडे झुकतं, आणि पुढचं चाक धपकन खाली आलं की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. चारही चाकं जमिनीवर असली तर गाडी कलत नाही, हा फ्लेक्सचा खरा उपयोग. पकड त्यानंतर.

घसरगुंडी
@तिरकी_वाट, स्थिरतेचं मान्य. पण दोन्हींपैकी एकच काहीतरी करायचं झालं तर मी अजूनही लॉकरच म्हणेन.

पाटेवाला
आयुष्य पाटे ठोकण्यात आणि बांधण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिखलखेळ्या, तुम्ही "चाक खाली उतरत नाही" म्हणताय, पण निम्मा फ्लेक्स वरच्या बाजूला असतो. एका बाजूचं चाक वर गेलं तरच दुसऱ्या बाजूचं खाली पोहोचतं. लिफ्टचे बहुतेक पाटे जाड आणि कडक असतात, ते वर दबतच नाहीत. गाडी चरात आडवी उभी करा आणि वर गेलेल्या चाकाकडे बघा, बंप स्टॉपला (ॲक्सल वर आल्यावर टेकतो तो रबरी ठोकळा) किती जागा उरली आहे? बोटभर उरली असेल तर ठीक. चार बोटं उरली असतील तर तुमचा पाटा वजनाला नमतच नाहीये, मग लांब शॉकअप घालून निम्माच उपयोग होईल.

दुसरं, क्लिपा तोडायच्या भानगडीत पडू नका. क्लिप नसली की चाक खाली लटकताना खालचे पाटे मेन पाट्यापासून सुटून पंख्यासारखे पसरतात, सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो आणि तो सेंटर बोल्टपाशी (सगळे पाटे मधोमध धरणारा) किंवा डोळ्यापाशी (टोकाच्या वळवलेल्या कडीपाशी) मोडतो. शिवाय पाटे आडवे सरकून परत एकमेकांवर नीट बसत नाहीत. क्लिप थोडी उंच आणि सैल करून घ्या, पाटा वेगळा व्हायला जागा राहील पण बाजूला सरकणार नाही.

तिसरं, दोन पाटे काढून टाकणं. गाडी मऊ होईल हे खरं, पण बसेलही, आणि उरलेल्या पाट्यांवर ताण वाढेल. तुमचा पाट्यांचा संच किती पाट्यांचा आहे आणि जाडी किती?

चिखलखेळ्या
काका, मोजलं. मागे 4 पाटे, प्रत्येकी 8 मिमी. पुढेही जवळपास तेच.

पाटेवाला
तेच ते. चार जाड फळ्या. असे पाटे ओझं वाहायला चांगले, लवायला नाही.

सरळरेषा
काकांच्या बोलण्यामागचा हिशोब मांडते, कारण तो एकदा लक्षात आला की बाजारातलं कुठलंही किट पारखता येतं.

पाट्याचा कडकपणा रुंदीच्या आणि पाट्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. आणि लांबीच्या घनाने कमी होतो. 8 चा घन 512, चार पाटे म्हणजे 2048. आता 6 मिमीचे पाटे घ्या. 6 चा घन 216. असे नऊ पाटे मिळून 1944, म्हणजे जवळजवळ तेवढाच कडकपणा. मग फायदा काय? पाटा ठरावीक अंतर वाकला की त्याच्या पृष्ठभागावर जो ताण येतो तो जाडीच्या प्रमाणात असतो. म्हणजे 6 मिमीच्या पाट्यावर 8 मिमीच्या पाऊणपट ताण. तोच पाटा जास्त वाकवला तरी थकत नाही, मोडत नाही.

नऊऐवजी सात ठेवले तर 1512, म्हणजे मूळच्या सुमारे 74 टक्के. एकदम मऊ. पण मऊ पाटा त्याच वजनाखाली जास्त बसतो, म्हणून तेवढीच उंची हवी असेल तर पाटा बांधतानाच कमान थोडी जास्त द्यावी लागते. नुसते पाटे काढल्यावर गाडी बसते ती याच कारणाने.

लांबीचं तर आणखी भारी आहे. पाटा 10 टक्के लांब केला तर 1.1 चा घन 1.33, म्हणजे कडकपणा पाऊणपटीवर येतो. म्हणूनच लोक सामुराईला (एसजेचंच दुसरं नाव) जीप वायजेचे (जुनी रँग्लर) लांब पाटे बसवतात.

वाचनमात्र
ताई, हे वाचून माझ्या डोक्यातला बराच गोंधळ गेला. इतकी वर्षं मला वाटायचं पाटे जितके कमी तितकी गाडी मऊ.

चाकोरीबाहेर
सरळरेषा, एक भर. पाटे जास्त म्हणजे त्यांच्यातलं घर्षण जास्त. नऊ पाटे एकमेकांवर गंजून बसले की कागदावरचा मऊपणा कागदावरच राहतो. टोकं गोलाई देऊन निमुळती करायची, पाट्यांच्या टोकांशी घसरत्या पॅडच्या चकत्या टाकायच्या, आणि वर्षातून एकदा तरी संच उघडून साफ करायचा. ग्रीस भरभरून लावू नका, माती धरतं आणि पाटा घासून जातो. कोरडा ग्राफाइटचा थर बरा.

वायजेचा विषय निघालाच आहे तर, 1987 ते 1995 मधल्या त्या जीपला पाटे असूनही पुढेमागे आडवे ट्रॅक बार होते. पाटा स्वतःच ॲक्सल आडवा धरून ठेवतो, त्यात हा बार आपल्या वेगळ्या वर्तुळात फिरतो, दोघांची ओढाताण होते आणि चाक अडकतं. बार काढला की बऱ्यापैकी फ्लेक्स मिळतो, रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल वाटतं एवढंच. तुमच्या गाडीला असं काही नंतर कुणी लावलंय का ते बघा.

चिखलखेळ्या
नाही, तसलं काही नाही. अँटी-रोल बार आहे पुढे, तो कच्च्यात सोडतो मी.

लोअर_गिअर
सोडल्यावर लिंक वर बांधून ठेवा, नाहीतर ब्रेकच्या नळीत अडकते.

दगडधोंडा
शॅकलबद्दल अजून कुणी बोललं नाही. लांब शॅकल म्हणजे फ्लेक्स, हा समज अर्धा खरा. शॅकल 50 मिमी लांब केली की त्या टोकाला 50 मिमी, पण ॲक्सलपाशी म्हणजे मधोमध फक्त 25 मिमी उंची मिळते. आणि ॲक्सल फिरतो. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल तर साधारण मीटरभर लांबीच्या पाट्यावर 50 मिमीमुळे जवळपास 3 अंश कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग स्टिअरिंग सरळ परत येत नाही, वेगात गाडी भटकते. पाचर घालून भरपाई करता येते. पाचर स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची दबून फुटते.

लांबीपेक्षा कोन महत्त्वाचा. गाडी सपाट जागी उभी असताना शॅकलचं खालचं टोक ॲक्सलपासून दूर झुकलेलं हवं. जास्त कमानीच्या पाट्याने डोळ्यांमधलं अंतर कमी होतं, शॅकल सरळ उभी राहते किंवा आत वळते. आत वळली की चाक वर दबताना तिला आधी उभी होऊन पलीकडे जावं लागतं, तिथेच पाटा अडतो. तुमची शॅकल कशी दिसते?

चिखलखेळ्या
मागची सरळ उभी, किंचित आतच. पुढची बरी आहे.

दगडधोंडा
मग मागचं वरचं हँगर (शॅकल चासीला जिथे बसते तो कंस) ॲक्सलच्या बाजूला सरकवायला लागेल. वेल्डिंगचं काम आहे, चासीवर पट्टी लावून करून घ्या.

तिरकी_वाट
मधोमध बिजागरी असलेली, खाली उघडणारी शॅकल मिळते, तिच्याबद्दल कुणाचा अनुभव? चाक खूप खाली जातं म्हणतात.

घसरगुंडी
जातं खाली, पण नुसतं लटकतं. शॅकल उघडल्यावर पाटा त्या चाकाला जमिनीवर दाबत नाही, चाकावर फक्त ॲक्सलचं वजन. फोटोत चाक जमिनीला टेकलेलं, प्रत्यक्षात पकड जेमतेम. वर चढावावर पुढची शॅकल उघडली की गाडी अचानक मागे कलते. माझ्या मते पैसे दुसरीकडे घाला.

सरळरेषा
घसरगुंडींशी तत्त्वतः सहमत, पण टेकलेलं चाक अगदीच निकामी नसतं. गाडी किती कलते ते ठरवण्यात त्याचा हातभार असतोच. एका बाजूला अचानक सगळं सुटतं हा मात्र खरा धोका आहे, विशेषतः आखूड गाडीत.

पाटेवाला
बोल्टचं राहिलं. शॅकलचे बोल्ट लोक आवळतात आणि आवळतच जातात. बुश (डोळ्यातली नळी) रबराचा असेल तर गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजनावर, बोल्ट शेवटचा आवळायचा. लटकत्या अवस्थेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनचा बुश असेल तर तो ग्रीसवर फिरला पाहिजे, आणि शॅकलच्या पट्ट्या त्याला चिमटून धरता कामा नयेत. पॉलियुरेथेन टिकतो जास्त, पण चाक वरखाली होताना पाट्याचा डोळा जो पिळतो त्याला तो रबराइतका मुरत नाही. फ्लेक्ससाठी मी रबरच घालतो.

मेन पाट्याच्या डोळ्याभोवती दुसऱ्या पाट्याचं टोक वळवलेलं असतं, मोडला तर ॲक्सल निसटू नये म्हणून. ते कापू नका. फक्त डोळ्याला घट्ट चिकटलेलं असेल तर थोडी फट पाडून घ्या.

चिखलखेळ्या
मंडळी, लोअर_गिअर यांनी सांगितलं तसं करून बघितलं. घोड्या लावूनच.

पुढे: शॉकअप सोडल्यावर लटकतं चाक 70 मिमी आणखी खाली गेलं. म्हणजे दगडधोंडा अगदी बरोबर.

मागे: शॉकअप सोडून फारसा फरक नाही. पण बंप स्टॉपला 60 मिमीपेक्षा जास्त जागा उरते, पाटा दबतच नाही. शॅकलचे बोल्ट इतके आवळलेले की हाताने शॅकल हलत नव्हती. सैल करून परत नीट आवळले, तेवढ्यानेच मागची बाजू मोकळी वाटायला लागली. क्लिपा पाट्याला चिकटून होत्या, त्या उंच करून घेतल्या.

20 अंशांच्या उतरणीवर एक पुढचं चाक चढवत नेलं, बाकीच्या तिघांपैकी एखादं जमीन सोडेपर्यंत. आधी चाक उतरणीवर 1000 मिमी गेलं, म्हणजे रॅम्प इंडेक्स (फ्लेक्सचं माप) 1000 भागिले व्हीलबेस 2375 गुणिले 1000, साधारण 421. पुढे तात्पुरते लांब शॉकअप लावून आणि मागचं एवढं करून 1180 मिमी, म्हणजे 497.

लोअर_गिअर
एकही पाटा न बदलता 421 वरून 497, उत्तम! चाक किती वर गेलं ते काढायचं तर 1180 गुणिले 0.342 (20 अंशांचा साइन), म्हणजे 40 सेंटिमीटरच्या वर.

आता स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक पूर्ण लटकवून ब्रेकच्या नळ्या बघा. ताणल्या असतील तर लांब घाला, आज. त्याच अवस्थेत प्रोपेलर शाफ्टची सरकती बाजू किती बाहेर आलीय आणि त्याचा क्रॉस (टोकाचा सांधा) कुठे टेकतोय तेही बघा. फ्लेक्स वाढला की या दोन गोष्टी जंगलात दगा देतात.

चाकोरीबाहेर
आणि लांब शॉकअप घेतले की उलट बाजू तपासा: पूर्ण दबल्यावर शॉकअप बंप स्टॉपच्या आधी संपता कामा नये. नाहीतर बंप स्टॉप खाली आणावा लागतो. शॉकअपची बंद लांबी बघून घ्या, फक्त उघडी लांबी बघून घेऊ नका.

वाचनमात्र
पाटे ॲक्सलच्या वर घ्यायचा मुद्दा राहिला की. त्याने एकदम 5 इंच मिळतात आणि मऊ मूळ पाटेच वापरता येतात ना?

तिरकी_वाट
मिळतात, आणि फ्लेक्स खरंच छान येतो, कारण उंचीसाठी कडक कमान लागत नाही. पण ती वेगळीच गाडी होते. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं, म्हणून उंच स्टिअरिंग आर्म लागतात. पिनियनचा (ॲक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो तिथला) कोन बदलतो. आणि जोर दिला की ॲक्सल पाट्याला इंग्रजी एससारखं पिळतो, मागे टॉर्क आर्म (ॲक्सलचं पिळणं रोखणारा दांडा) लावावाच लागतो. तो आर्म चासीकडे छोट्या शॅकलवर बसवायचा, सरळ बोल्टने बांधला तर मिळवलेला फ्लेक्स तोच खाऊन टाकतो.

घसरगुंडी
आणि गुरुत्वमध्य 5 इंच वर. उतारावर ते जाणवतं.

सरळरेषा
चिखलखेळ्या, तुमच्या बाबतीत मला वाटतं पुढे योग्य लांबीचे शॉकअप, मागे हँगर सरकवणं आणि पातळ पाट्यांचा संच, एवढं पुरेल. पण पुढच्या आणि मागच्या बाजूचा मेळ ठेवा. मागची बाजू फारच मऊ आणि पुढची कडक राहिली तर चरात सगळा फ्लेक्स मागेच होतो, बॉडी पुढच्या ॲक्सलबरोबरच कलते आणि गाडी उलटतेय असं वाटत राहतं.

चिखलखेळ्या
पटलं. मागचा संच ताईंनी सांगितला तसा पातळ पाट्यांचा बांधून घ्यायचं ठरवतोय, पुढचाही त्याच वेळी. काका, कारागिराला कोणती मापं देऊ?

पाटेवाला
रिकामी गाडी नाही, तुमचं रोजचं सामान, स्पेअर टायर, पूर्ण टाकी आणि दोन माणसं बसवून मोजा. चारही कोपऱ्यांना ॲक्सलपासून चासीपर्यंतची उंची, दोन्ही डोळ्यांतलं सरळ अंतर, सेंटर बोल्टपासून पुढच्या आणि मागच्या डोळ्यापर्यंतची वेगवेगळी लांबी (दोन्ही सारख्या असतीलच असं नाही), पाट्याची रुंदी आणि डोळ्याचा आतला व्यास. शॅकलचा कोन फोटोत बाजूने समोरासमोर धरून द्या. आणि प्रत्येक ॲक्सलवर किती वजन येतं ते वजनकाट्यावर, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा उभा करून घ्या.

यू बोल्ट नवे घ्या, जुने परत वापरू नका, एकदा आवळले की ताणले गेलेले असतात. संच बसवल्यावर दोनेकशे किलोमीटर चालवून परत आवळा. सैल यू बोल्टनेच सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागे सरकतो. मापं आली की इथेच टाका, पाट्यांची संख्या आणि कमान मी काढून देतो.